हातांनी केलेलं बोलणं : चिनी पटावर जुळणारी नाती

ग्वान यू हा चीनच्या इतिहासातला नामांकित सेनापती. त्याच्या दंडात एकदा विषारी बाण घुसला. जखम भरून आली, पण आभाळ भरून आलं की हाड ठणकायचं. वैद्याने सांगितलं, दंड चिरायचा आणि हाडावरचं विष खरवडून काढायचं, दुसरा इलाज नाही. तिसऱ्या शतकात लिहिल्या गेलेल्या इतिहासात पुढची हकिगत थोडक्यात आहे. ग्वान यू सरदारांबरोबर जेवायला बसला होता, त्याने तिथेच हात पुढे केला. रक्ताने भांडं भरलं, आणि हा भाजलेलं मांस तोडत, दारू पीत, हसत-बोलत राहिला.

त्यानंतर जवळपास हजार वर्षांनी 'तीन राज्यांची कथा' ही महाकादंबरी आली. तिच्यातही हा प्रसंग आहे. मांस आणि दारू तशीच आहे, पण कादंबरीकाराने दोन गोष्टी आपल्या पदरच्या घातल्या. अनाम वैद्याला त्याने ह्वा थुओ या प्रसिद्ध वैद्याचं नाव दिलं, आणि ग्वान यूसमोर एक पट मांडला. पटाच्या पलीकडे मा लियांग नावाचा त्याचा सल्लागार बसवला. वैद्य हाड खरवडतोय, आसपासचे लोक तोंड झाकून घेतायत, आणि हे दोघे एकामागून एक खडे ठेवतायत.

मला या बदलाचं फार कौतुक वाटतं. जेवणारा ग्वान यू शूर आहे, पण एकटा आहे. पट आला की समोर दुसरा माणूस येतो. त्या मा लियांगची कल्पना करून बघा. समोर आपल्या सेनापतीचं हाड उघडं पडलंय, आणि आपली पाळी आली की आपल्याला न थरथरता खडा ठेवायचाय. 'घाबरू नकोस' असं ग्वान यू त्याला म्हणत नाही. तो फक्त आपला पुढचा खडा ठेवतो. तेवढ्यात सगळं बोलून होतं.

या बोलण्याला चिनी भाषेत नावच आहे. पाचव्या शतकातल्या एका किस्सासंग्रहात या खेळाची दोन टोपणनावं नोंदवलेली आहेत. वांग थानजी नावाचे गृहस्थ त्याला 'बसल्या जागचा संन्यास' म्हणत. जी दुन नावाचे चौथ्या शतकातले बौद्ध भिक्षू त्याला 'शोउथान' म्हणत. 'शोउ' म्हणजे हात आणि 'थान' म्हणजे गप्पा. हातांनी केलेल्या गप्पा. चीनमधल्या आणि चिनी खेळ घरोघरी पोचलेल्या देशांतल्या कथा-कादंबऱ्या वाचताना या एका शब्दाची किल्ली जवळ ठेवावी. ज्या दोन माणसांना एकमेकांशी मोकळेपणाने बोलता येत नाही, त्यांच्यामध्ये लेखक पट आणून ठेवतो. आड येणारी गोष्ट हुद्दा असेल, युद्ध असेल, संन्यास असेल, कधी मरणही असेल. पण पटावर नक्की काय चाललंय हे कळलं नाही, तर आपण ते प्रसंग 'ते दोघं काहीतरी खेळत होते' असं म्हणून ओलांडून जातो आणि अर्धी गोष्ट हातची निसटते. म्हणून हे खेळ थोडे समजून घेऊ. पुढे काही कथांचे शेवट उघड होतील, हे आधीच सांगून ठेवते.

खडे, श्वास आणि डोळे

ग्वान यूसमोरचा खेळ म्हणजे वेईची. शब्दाचा अर्थ 'वेढण्याचा खेळ'. जपानमध्ये त्याला गो म्हणतात, कोरियात बादुक. इ.स.पूर्व ५४८ मधल्या एका राजकीय कटाची हकिगत सांगताना जुन्या चिनी बखरीत याची उपमा आली आहे: खडा उचलून कुठे ठेवावा या विचारात हात घुटमळला, की तो खेळाडू हरलाच. आजही चिनी भाषेत धरसोड वृत्तीच्या माणसाला हेच म्हणतात, 'खडा उचललाय, पण ठरत नाही'.

पटावर १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघा असतात. आपण बुद्धिबळात घरात सोंगटी ठेवतो, इथे रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या ठिपक्यावर खडा ठेवायचा. असे ३६१ ठिपके. एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे, सगळे सारखे. राजा नाही, प्यादं नाही. काळ्याने सुरुवात करायची, मग आळीपाळीने एकेक. एकदा ठेवलेला खडा हलत नाही. ज्याने पटाचा जास्त भाग आपल्याकडे राखला तो जिंकला.

खड्याच्या शेजारचे रिकामे ठिपके म्हणजे त्याचा श्वास. चिनी शब्दच 'छी' आहे, आपल्या 'प्राण' शब्दाच्या जवळचा. पटाच्या मधोमध एकट्या खड्याला चार बाजूंनी चार श्वास असतात. शत्रूने चारी बाजूंना आपले खडे लावले की श्वास संपतो आणि खडा पटावरून उचलला जातो. पण त्याच्या शेजारी आपलाच दुसरा खडा ठेवला की दोघांचे श्वास एक होतात. म्हणजे जगायचं तर जोडून राहावं लागतं. आणि गटाच्या पोटात दोन वेगवेगळ्या रिकाम्या जागा राखता आल्या, तर तो गट कायमचा जगला, कारण शत्रूला दोन्ही जागा एकाच वेळी भरता येत नाहीत. या जागांना म्हणतात डोळे. दोन डोळे असले की मरण नाही.

श्वास, डोळे, जगणं, मरणं. वेईची खेळणारे सहज बोलतात ते याच शब्दांत. लेखकाला उपमा शोधत फिरावं लागत नाही.

आणखी दोन गोष्टी कथांच्या दृष्टीने महत्त्वाच्या. पहिली म्हणजे या खेळात असमान जोडी खऱ्या अर्थाने बरोबरीने खेळू शकते. कच्च्या खेळाडूने आधीच दोन, चार, अगदी नऊ खडे पटावर मांडून घ्यायचे आणि मग डाव सुरू करायचा. बुद्धिबळात एखाद्याला हत्ती सोडून दिला तर खेळाचा आकारच बिघडतो. इथे पट तोच राहतो, खेळ तोच राहतो. त्यामुळे म्हातारा गुरू आणि पोरगेला शिष्य, बाप आणि लेक, उमराव आणि त्याचा नोकर समोरासमोर बसू शकतात. आज चार खडे घेणारा पुढच्या वर्षी तीनच घेतो, तेव्हा नात्यातलं अंतर किती कमी झालं हे पटावर मोजता येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे एक चमत्कारिक अवस्था. कधी अशी स्थिती येते की मी तुझा एक खडा उचलतो, लगेच तू माझा तोच उचलू शकतोस, मग पुन्हा मी. हे अनंतकाळ चालेल. म्हणून नियम असा, की लगेच उलट उचलायचं नाही. आधी पटावर दुसरीकडे कुठेतरी चाल करायची आणि मग परत यायचं. या अवस्थेला चिनीत 'जिए' म्हणतात, जपानीत 'को'. ज्या अक्षराने हा शब्द लिहितात, तेच अक्षर चिनी बौद्ध ग्रंथांत आपल्या संस्कृत 'कल्प' शब्दासाठी वापरलं जातं. युगायुगांचं चक्र. दोन माणसं एकाच मुद्द्यावर अडून बसलीत आणि कुणीतरी विषय बदलल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, हा अनुभव आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. वेईचीने त्याचा नियम करून ठेवला.

संन्यासिनीच्या गालावरची लाली

आता एक प्रसंग सावकाश बघू. अठराव्या शतकातली 'लाल हवेलीचं स्वप्न' ही छाओ श्वेछिनची कादंबरी चिनी साहित्याचा मुकुटमणी मानली जाते. जिया नावाचं मोठं खानदान, त्यांचा प्रचंड बाग, त्यात राहणारी तरुण मुलं-मुली. घरातल्या चार बहिणींच्या चार दासींच्या नावांत वीणा, पट, ग्रंथ आणि चित्र या चार कला गुंफलेल्या आहेत, कारण सुसंस्कृत माणसाला या चारही यायला हव्यात असा तिथला दंडक.

त्या बागेतल्या मठात म्याओयू नावाची संन्यासिनी राहते. तिने केस कापलेले नाहीत, पण व्रत घेतलंय. स्वच्छतेचं आणि सोवळ्याचं तिला विलक्षण वेड. एक गरीब म्हातारी तिच्या पेल्यातून चहा पिते तर म्याओयू तो किमती पेला परत घरात घ्यायला तयार नसते. आणि त्याच दिवशी ती घरातल्या लाडक्या मुलाला, बाओयूला, चहा देते तो मात्र स्वतःच्या रोजच्या हिरव्या जेड दगडाच्या पेल्यातून. कादंबरी यावर अवाक्षर बोलत नाही.

मध्ये बरीच प्रकरणं जातात. ८७व्या प्रकरणात बाओयू दुपारी आपल्या चुलतबहिणीकडे, शीचुनकडे जातो. सगळं शांत. आत कसलासा 'टक्' आवाज येतो. तो थबकतो, आणि मग एक बोलणं कानावर पडतं, त्यावरून कळतं की आत वेईची चाललंय. शीचुनसमोर कोण आहे हे बघायला तो हळूच आत जातो, तर म्याओयू. दोघी पटात इतक्या बुडालेल्या की तो मागे उभा आहे याचा पत्ता नाही.

म्याओयू एक सुंदर चाल करते आणि तिचं नाव सांगते: 'उलटा बूट काढणे'. या डावपेचात तुम्ही आपले काही खडे शत्रूला खाऊ देता. तो खूश होऊन ते उचलतो, त्यामुळे जागा रिकामी होते, आणि नेमक्या त्या रिकाम्या जागेत खडा ठेवून तुम्ही त्याचा मोठा गट मारता. शीचुनचा अख्खा कोपरा गेला. बाओयूला हसू आवरत नाही, दोघी दचकतात.

तो म्याओयूला काहीतरी औपचारिक विचारतो. ती उत्तर देत नाही. तिचा चेहरा लाल होतो, ती मान खाली घालून पटाकडे बघत राहते. तो सारवासारव करतो. ती एकदा वर बघते, पुन्हा नजर खाली, आणि लाली हळूहळू पसरत जाते. मग बऱ्याच वेळाने विचारते, 'तुम्ही कुठून आलात?' साधा प्रश्न. पण बौद्ध गुरू शिष्याला हाच प्रश्न कसोटी म्हणून विचारतात, त्यामुळे बाओयू गोंधळतो, त्याचाही चेहरा लाल होतो. शेवटी ती उठते आणि म्हणते की इकडे फार दिवसांत आले नाही, वाटा वळणावळणाच्या आहेत, चुकायला होईल. तो पोचवायला निघतो. त्या रात्री म्याओयू ध्यानाला बसते आणि कौलांवर मांजरांचा आवाज ऐकून तिचं मन असं उधळतं की ती आजारी पडते.

डाव खेळला तो म्याओयू आणि शीचुनने. पण ज्या दोघांमध्ये काहीतरी घडलं, ते खेळतच नव्हते. काय सोडायचं आणि त्या बदल्यात काय मिळवायचं याचा हिशेब म्याओयू पटावर अचूक करते. आयुष्यात तिने संसार सोडलाय आणि त्याच रिकाम्या जागेत कुणीतरी खडा ठेवलाय, हे तिला दिसत नाही. वेईचीचा तो एक डावपेच ठाऊक नसेल तर हा प्रसंग नुसता लाजण्याचा राहतो. (कादंबरीची शेवटची ४० प्रकरणं १७९१च्या छापील आवृत्तीत पहिल्यांदा आली आणि ती मूळ लेखकाची आहेत का यावर अभ्यासकांचा वाद आहे. ज्याने हे प्रकरण लिहिलं त्याला पट नीट कळत होता, एवढं मी खात्रीने म्हणेन.)

याच खेळाची अलीकडची दोन रूपं थोडक्यात सांगते. शान सा या चिनी वंशाच्या लेखिकेने फ्रेंचमध्ये लिहिलेली 'गो खेळणारी मुलगी' ही कादंबरी २००१ साली आली. काळ १९३०च्या दशकातला, जागा जपानने व्यापलेला मांचुरिया. चौकात दगडी पटांवर लोक खेळतात. शाळकरी वयाची एक चिनी मुलगी आणि चिनी माणसाच्या वेषात हेरगिरीला आलेला एक जपानी सैनिक यांचा डाव जमतो. एकच डाव, दिवसामागून दिवस चालणारा. नावं विचारायची नाहीत. कादंबरीची प्रकरणंही आळीपाळीने येतात, एक तिचं, एक त्याचं, जणू एक काळा खडा, एक पांढरा. दोघांना एकमेकांच्या मनाची ठेवण पुरती कळते: कोण घाई करतो, कोण त्याग करायला तयार असतो, कोण कोपऱ्यात घुसून राहतो. फक्त आपण शत्रू आहोत, एवढं एक कळत नाही. वाचकाला मात्र ते पहिल्यापासून ठाऊक असतं आणि तेच असह्य होत जातं.

दुसरं रूप मुलांसाठीचं. 'हिकारू नो गो' ही जपानी चित्रमालिका १९९८ ते २००३ या काळात साप्ताहिकातून आली आणि तिच्यामुळे असंख्य मुलं गो शिकली. हिकारू हा शाळकरी मुलगा आजोबांच्या माळ्यावर जुना पट शोधतो. त्यावरचा रक्ताचा डाग फक्त त्यालाच दिसतो. पटात साई नावाचा हजार वर्षांपूर्वीचा गो-शिक्षक अडकून आहे. साईला खेळायची अपार तहान आहे, पण त्याला हात नाहीत. तो चाल सांगतो आणि हिकारू खडा ठेवतो. उसन्या हाताने केलेलं बोलणं! समोर बसलेला आकिरा नावाचा मुलगा त्या हाताने हरतो आणि त्या हाताच्या मागे लागतो. पुढे हिकारू स्वतःच्या बुद्धीने खेळायला बघतो तेव्हा आकिराची घोर निराशा होते, कारण हात तोच आहे पण बोलणारा वेगळा आहे. मग एक दिवस साई नाहीसा होतो. हिकारू त्याला गावोगाव शोधतो, खेळ सोडून देतो. शेवटी एका मित्राच्या आग्रहाखातर एक डाव मांडतो, आणि खेळता खेळता त्याच्या लक्षात येतं की आत्ता आपण ठेवलेला खडा साईने ठेवला असता तसाच आहे. साई इथेच होता, त्याच्या चालींत. गेलेल्या माणसाचं वळण आपल्या हातात उतरलेलं असतं, हे लहान मुलांना इतक्या सरळ रीतीने सांगणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

आपल्याकडेही पटावरून सुरू होणाऱ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्याशी तुलना केली की फरक स्वच्छ दिसतो. वाघ्या-मुरळी गातात त्या कथेत खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळतात, खंडोबा डाव हरतो, पैजेप्रमाणे बारा वर्षं घराबाहेर राहतो आणि बाणाईच्या वाड्यावर जाऊन मेंढरं राखतो. महाभारतातलं द्यूत आणि नळराजाची कथा तर सगळ्यांना पाठ आहे. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत. आपल्या या गोष्टींत फासा आहे, दान आहे, म्हणजे दैव आहे. आणि पणाला काहीतरी लावलेलं आहे. गोष्ट पुढे जाते ती कुणी काय गमावलं यावर. वेईचीत फासा नाही, झाकलेलं काही नाही, आणि कथांमध्ये सहसा पणही नसतो. दैवाला बोल लावायची सोयच नाही. जे पटावर आहे ते दोघांनी मिळून घडवलेलं, आणि दोघांनाही सगळं दिसतंय.

चार जणींचा कलकलाट

माहजाँग याच्या अगदी उलट. हा पट नाही म्हणाल तर खरं आहे, तो टाइल्सचा खेळ आहे. पण चिनी घरातल्या नात्यांबद्दल बोलायचं आणि माहजाँग वगळायचं, हे शक्य नाही. वयाने तो लहान, एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये आकाराला आला. मुंबईतल्या काही जिमखान्यांत आणि सैनिकी वसाहतींत बायकांचे माहजाँगचे अड्डे आहेत, तेव्हा काही वाचकांना तो हाताखालचा असेल. बाकीच्यांनी रमी आठवावी. हातात १३ टाइल्स, एक उचलायची, एक टाकायची, जुळणी झाली की डाव लागला. पूर्ण संचात १४४ टाइल्स असतात: ठिपके, बांबू आणि अंक या तीन घराण्यांच्या एक ते नऊ, प्रत्येकीच्या चार प्रती, शिवाय चार दिशांचे वारे, तीन ड्रॅगन, फुलं आणि ऋतू. चार संच आणि एक जोडी जुळली की जिंकलात.

खेळायला चार माणसं लागतातच. 'तीन आहेत, एक कमी' ही तिथली नेहमीची हाक आहे. डावाआधी सगळे मिळून टाइल्स टेबलावर घुसळतात, त्याला 'धुणं' म्हणतात. खडखडाट इतका की खेळाचं एक चिनी नाव म्हणजे 'चिमणी', आणि तो आवाज ऐकला की ते पटतं. खेळताना गप्पा, खाणं, टोमणे, मुलांची लग्नं, सगळं चालू. वेईचीत दोन माणसं गप्प बसून सगळं बोलतात. माहजाँगमध्ये चौघी अखंड बोलतात आणि खरी गोष्ट सांगते ती टाकलेली टाइल. कारण टाकलेली टाइल सगळ्यांना दिसते, ती दुसरी कुणी उचलू शकते, आणि तुमच्या टाइलने तिचा डाव लागला तर बऱ्याच ठिकाणच्या नियमांप्रमाणे पैसे तुम्ही मोजायचे.

'क्रेझी रिच एशियन्स' या २०१८च्या चित्रपटातला माहजाँगचा प्रसंग या नियमावरच उभा आहे. रेचल ही अमेरिकेत वाढलेली, साध्या घरातली अर्थशास्त्राची प्राध्यापिका. तिचं प्रेम आहे सिंगापूरच्या अतिश्रीमंत घराण्यातल्या निकवर. निकची आई एलिनॉर हिला ही मुलगी नकोय. निकने घरदार सोडून रेचलला मागणी घातलीय. रेचल एलिनॉरला माहजाँगच्या टेबलावर बोलावते. बोलता बोलता ती आठ बांबूंची टाइल उचलते. तिचा डाव लागलाय. एलिनॉरलाही जिंकायला तीच टाइल हवीय, हे रेचलने ओळखलंय. रेचल सांगते की तिने निकला नकार दिला, आणि ती टाइल टेबलावर टाकते. एलिनॉर ती उचलून जिंकते. मग रेचल उठता उठता आपला हात उलगडून दाखवते. टाइलही माझी होती, मुलगाही, आणि दोन्ही मी तुम्हाला दिले. मूळ कादंबरीत हा प्रसंग नाही, चित्रपटासाठी तो नव्याने रचला गेला. आणि चित्रपटात टाइल्सचा अर्थ समजावणारं एकही वाक्य नाही. ज्यांना खेळ येतो त्यांना ती टाइल टाकल्यावर काळजात धस्स होतं, आणि बाकीच्यांना एलिनॉरच्या चेहऱ्यावरून कळतं.

एमी टॅनच्या १९८९च्या 'द जॉय लक क्लब'मध्ये माहजाँगचं टेबल वेगळ्या कामाला येतं. युद्धकाळात चीनमधल्या ग्वेलिनमध्ये आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत सुयुआनने मैत्रिणींबरोबर हा अड्डा सुरू केलेला. ती अचानक जाते. दोन महिन्यांनी तिच्या मुलीला, जिंग-मेईला, आईच्या जागी बसायला बोलावतात. चिनी घरांत ही गोष्ट अगदी व्यवहाराची आहे, चौथं माणूस हवंच ना! पण मुलगी पूर्वेच्या खुर्चीवर बसते, जिथे आई बसायची, जिथून सगळ्याची सुरुवात होते. इतकी वर्षं ज्यांना ती 'आईच्या मैत्रिणी' म्हणून वरवर ओळखत होती, त्या तीन मावश्या तिला त्याच रात्री सांगतात की चीनमध्ये आईच्या दोन मुली मागे राहिल्या होत्या, त्या सापडल्यात, आणि त्यांना भेटायला तिनेच जायचंय. रिकामी खुर्ची भरल्याशिवाय हे बोलणं झालंच नसतं.

नदी, तोफ आणि मधला माणूस

तिसरा खेळ शिआंगची, चिनी बुद्धिबळ. आपल्या बुद्धिबळाच्या कुळातलाच. हत्ती, घोडा, रथ, प्यादी असे ओळखीचे चेहरे तिथे भेटतात, फक्त सोंगट्या म्हणजे चपट्या गोल चकत्या, वर अक्षर लिहिलेलं, आणि त्याही रेघांच्या छेदावर ठेवायच्या. पटाच्या मधून नदी वाहते. तिच्यावर बहुधा 'छूची नदी, हानची सीमा' असं लिहिलेलं असतं, इ.स.पूर्व तिसऱ्या शतकाच्या अखेरीस श्यांग यू आणि ल्यू बांग यांच्यात झालेल्या झुंजीची आठवण. हत्तींना नदी ओलांडता येत नाही. प्याद्याने ओलांडली की त्याला आडवंही चालता येतं. सेनापती आपल्या छोट्या महालाबाहेर पडत नाही.

शिआंगची म्हणजे रस्त्यावरचा खेळ. झाडाखाली दोघे खेळतायत आणि भोवती दहा जण वाकून सल्ले देतायत, हे चीनमधलं रोजचं दृश्य. म्हणून काही पटांवर नदीतच छापलेलं असतं, 'डाव बघताना गप्प बसतो तो खरा सज्जन'. या खेळात तिसऱ्याचं महत्त्व नियमांतही आहे. तोफ मारते ती मधल्या कुठल्यातरी एका सोंगटीवरून उडी घेऊन, मध्ये कुणी नसेल तर तिला मारता येत नाही. आणि दोन सेनापती एका सरळ रेषेत समोरासमोर येऊ शकत नाहीत, त्यांच्या मध्ये कुणीतरी असावंच लागतं.

शिआंगचीवरची सर्वांत थोर गोष्टही तिसऱ्या माणसाच्या तोंडून येते. आ छंगची 'बुद्धिबळांचा राजा' ही दीर्घकथा १९८४ साली प्रसिद्ध झाली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शहरातल्या लाखो तरुणांना खेड्यांत आणि सरकारी शेतांवर पाठवलं गेलं. अशाच एका गाडीत, स्टेशनवर रडारड चाललेली असताना, निवेदकाला वांग यीशंग भेटतो. हाडकुळा, भुकेला, आणि सोबतीला शिआंगचीचं वेड. निवेदक स्वतः चांगला खेळाडू नाही. तो बघतो, ऐकतो, सोबत राहतो. मधला माणूस.

यीशंगच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य. आई छापखान्याच्या पानांच्या घड्या घालायचं काम घरी आणायची, मुलगाही मदत करायचा. एकदा घड्या घालायला आलेली पानं शिआंगचीच्या पुस्तकाची निघाली आणि ती वाचून त्याला नाद लागला. आईला हा नाद पसंत नव्हता. खेळाने पोट भरत नाही, आधी शाळा पूर्ण कर, एवढंच तिचं म्हणणं. पुढे ती आजारी पडली. जाण्याआधी तिने त्याच्या हातात एक पुडकं दिलं. आत सोंगट्यांचा पूर्ण संच. लोकांनी फेकलेल्या टूथब्रशच्या दांड्या वेचून, एकेक घासून, गुळगुळीत करून बनवलेला. सोंगट्यांवर अक्षरं मात्र नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, चुकीचं कोरलं जाईल अशी तिला भीती होती. तू कोरून घे, म्हणाली. त्याने कधीच कोरलं नाही.

ज्या खेळात हत्ती कुठला आणि घोडा कुठला हे केवळ अक्षरावरून कळतं, त्या खेळाचा हा कोरा संच आहे. त्यावर डाव मांडता येत नाही. हा कोरेपणा म्हणजे आईने पहिल्यांदा त्याच्या वेडाला दिलेला होकार आहे, आणि तो तिला शब्दांत देता येत नव्हता.

कथेच्या शेवटी यीशंग एका वेळी नऊ जणांशी खेळतो, तेही समोर पट न ठेवता, सगळे नऊ डाव डोक्यात धरून. खेळायला बसण्याआधी तो आपली पिशवी निवेदकाकडे देतो, आत कोऱ्या सोंगट्या आहेत. गर्दी वाढत जाते. एकेक प्रतिस्पर्धी हरतो. उरतो तो स्पर्धेचा विजेता, एक म्हातारा, जो घरी बसून निरोप्याकरवी चाली पाठवत असतो. शेवटी तो स्वतः चालत येतो, या पोराचं भरभरून कौतुक करतो आणि बरोबरीची विनंती करतो. यीशंग ती मान्य करतो. त्याला उठता येत नाही, पाय आखडलेत. लोक त्याला धरून बाहेर आणतात. तो शून्यात बघत असतो, कुणालाच ओळखत नाही.

निवेदक पिशवीत हात घालतो, एक कोरी सोंगटी काढतो आणि उजेडात त्याच्या डोळ्यांसमोर धरतो. यीशंग बघतो. क्षणभर त्याला तीही ओळखू येत नाही. मग त्याच्या घशातून आवाज फुटतो आणि तो रडायला लागतो. 'आई, मी आज...' एवढंच त्याला बोलता येतं.